सोमवारी पाऊस पडत नाही

आमच्या माहिती मंचानं पहिल्याच वर्षी एक शोध लावला. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या तोळणगी गावात सोमवारी पाऊस पडत नाही. कमी पडतो असं नाही. पडतच नाही. तेहतीस वर्षांत एकदाही नाही.

मंचाचं पूर्ण नाव सोलापूर जिल्हा खुला भूविज्ञान माहिती मंच. आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागात, जिथे पूर्वी नकाशांचं कपाट होतं, तिथे तो उभा राहिला. कल्पना साधी होती. जिल्ह्यात पाऊस, विहिरींची पातळी, मातीचं तापमान अशा गोष्टी शंभर ठिकाणी शंभर माणसं मोजतात आणि आपापल्या कपाटात ठेवतात. ते सगळं एका जागी आणायचं आणि कुणालाही, अर्ज न करता, बघता यावं असं ठेवायचं. कल्पनेला सर्वांचा पाठिंबा होता. इतरांची माहिती खुली व्हावी असं प्रत्येक कार्यालयानं आम्हाला लेखी कळवलं.

डॉ. महेश्वर हत्तुरे हे भूगोलाचे विभागप्रमुख आणि मंचाचे जनक. सुकन्या गड्डम ही अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी. ती काम करायची. मी मराठीचा. मंचावरच्या सूचना, फॉर्म, 'येथे क्लिक करा' वगैरे मजकूर लिहायला मला घेतलं होतं. चोवीस वर्षं साहित्य शिकवल्यावर माझं सर्वाधिक वाचलं गेलेलं लेखन तेच आहे.

तोळणगीची नोंद आमच्याकडे कशी आली, ते सांगायला हवं. १९९१ साली कॉलेजनं तीन वर्षांचा एक प्रकल्प केला होता. बारा शेतकऱ्यांना पर्जन्यमापक दिले, वही दिली, पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजून लिहायला सांगितलं. प्रकल्प संपला, अहवाल गेला. अकरा जणांनी मापकाचा यथावकाश दुसरा काही उपयोग केला. बारावे कल्लप्पा मोजत राहिले, कारण प्रकल्प संपल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. दर जूनमध्ये ते वर्षाची वही पोस्टानं कॉलेजला पाठवायचे. शिपाई ती नकाशांच्या कपाटावर ठेवायचा. कपाट हलवलं तेव्हा तेहतीस वह्या निघाल्या. त्या भागातली इतकी लांबलचक सलग नोंद दुसरी कुठलीच आमच्या हाती नव्हती. मुलांनी सुट्टीत बसून सगळे आकडे संगणकात भरले, आणि सोमवार सापडला.

हत्तुरे सरांनी दोन दिवसांत उपपत्ती मांडली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणले जातात. विणताना कापसाचे बारीक तंतू हवेत जातात. तंतूंभोवती ढगातले थेंब धरतात. सुट्टीच्या दिवशी माग बंद, तंतू बंद, म्हणून पाऊस बंद.

"सर, माझे वडील अठ्ठावीस वर्षं मागावर आहेत," सुकन्या म्हणाली. "त्यांची सुट्टी सोमवारी नसते."

"मग परिणाम उशिरा पोचत असेल," सर म्हणाले. "तोळणगी लांब आहे."

परिषदेला शोधनिबंधाचा गोषवारा त्याच संध्याकाळी गेला.

पुण्याची जी संस्था आमच्या मंचावर देखरेख ठेवायची, तिला ही उपपत्ती पटली नाही. तिथल्या समितीचं पत्र आलं. शुक्रवारी मंचाची पहिली आवृत्ती कायम होणार आहे. त्यानंतर जगातला कुणीही संशोधक तीच वापरेल. तोळणगीच्या सोमवारांचा खुलासा तोपर्यंत झाला नाही, तर ते केंद्र संपूर्ण वगळण्यात यावं.

सुकन्यानं त्यावर एक विचित्र गोष्ट केली. तिनं मूळ वह्या उघडल्या. मग एक वही घेऊन ती मराठी विभागात माझ्याकडे आली.

"सर, हे बघा. पाऊस पडला तर ते आकडा लिहितात. नाही पडला तर 'न्हाय' लिहितात. सोमवारी काहीच लिहीत नाहीत. जागा रिकामी."

"मग शून्य कुठून आलं?"

तिनं मोबाइलवर आमचा फॉर्म उघडून माझ्यापुढे धरला. सर्वांत वर, ठळक अक्षरांत सूचना होती. 'कोणतीही चौकट रिकामी सोडू नये. माहिती नसल्यास शून्य लिहावे.'

वाक्य चांगलं होतं. आटोपशीर, संदिग्धता नाही. मीच लिहिलं होतं.

"मुलांनी सूचना पाळली," सुकन्या म्हणाली. ती आवाज न चढवता बोलते, त्यामुळे जास्त त्रास होतो.

हत्तुरे सरांना हे सांगितलं तर ते डगमगले नाहीत. रिकामं म्हणजे पाऊस नाहीच, असं त्यांचं म्हणणं. पुण्याला कळवलं तर तिकडून वेगळाच प्रश्न आला. सोमवारी मापक बघितलाच नसेल, तर मंगळवारी लिहिलेला आकडा एका दिवसाचा की दोन दिवसांचा? हे ठाऊक नसेल तर मंगळवारही गेला, आणि मंगळवार गेला तर महिन्याची बेरीज गेली. केंद्र वगळणं हेच शास्त्रीय.

"ज्यांनी मोजलं त्यांना विचारू या की," सुकन्या म्हणाली.

केंद्राच्या माहितीत आमच्याकडे अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत होते. फोन नंबर नव्हता.

सोमवारी मला तास नव्हते, म्हणून आम्ही सोमवारीच गेलो. आदल्या रात्री जिल्हाभर पाऊस झाला होता. एसटी फाट्यावर उतरवून गेली, पुढे चिखलातून वस्तीपर्यंत चालत. कल्लप्पा दारात बाजेवर बसले होते. सत्तरीपुढचे, कपाळावर विभूती, धुतलेलं धोतर. शेजारी पत्र्याखाली ट्रॅक्टर उभा, त्याच्यालगत एक म्हैस. उंबऱ्यात त्यांची बायको गिरिजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कॉलेजातून आलोय," मी म्हणालो. "पावसाच्या वह्यांचं काम होतं."

कल्लप्पांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लई उशीर केला की वो. मी म्हनलं, दोन-तीन सालांत कोनतरी येतंय."

तेहतीस वर्षांचा उशीर एवढ्यावर मिटला. आम्हाला कडक भाकरी आली, शेंगाचटणी आली, वर दही आलं. सुकन्यानं वही उघडून दाखवली.

"मामा, ही सोमवारची जागा रिकामी का असते?"

"सोमवारी बैल जुंपत न्हाईत."

हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं की पुढे विचारायचं काही उरू नये. आमचे चेहरे बघून त्यांना आमच्या शिक्षणाची कीव आली असावी.

"आमच्यात सोमवार बसवण्णाचा. बैलाच्या मानंवर जू न्हाय, मानसाला श्यात न्हाय. बांद वलांडायचा न्हाय. त्ये तुमचं पावसाचं डबडं बांदाच्या पल्याड हाय."

मी ट्रॅक्टरकडे बघितलं. "बैल कुठं आहेत, मामा?"

"इकले की. दोन हजार नवात."

"मग आता सोमवार..."

"बैल इकले," कल्लप्पा म्हणाले. "सोमवार कुटं इकला?"

मी दुसरीकडून गेलो. "पण मग शून्य तरी लिहायचं ना तिथं."

"बघितलंच न्हाय तर शून्य कसं लिवू? त्ये खोटं होतंय की सर."

मी दही घेतलं.

सुकन्यानं वही मिटली. "मामा, एक अडचण आहे. मंगळवारचा आकडा एका दिवसाचा की दोन दिवसांचा हे नक्की कळलं नाही, तर पुण्याचे लोक शुक्रवारी तुमची नोंद काढून टाकणार आहेत."

"मंगळवारची?"

"सगळी."

"सगळी म्हंजे?"

"तेहतीस वर्षं."

कल्लप्पा बाजेवर जरा पुढे सरकले. आभाळ भरून आलं होतं, त्याकडे त्यांनी एकदा बघितलं, जसं काही त्याचाही यात हात असावा. "म्हंजे माझा पाऊस खोटा?"

"खोटा नाही. शाबित होत नाही."

"त्यात काय शाबित करायचंय? मंगळवारी दोन दिसांचं असतंय. आइतवारी सकाळी वतलं, सोमवार सोडला, मंगळवारी मापलं. डबडं काय गळतंय व्हय?"

सुकन्याचा चेहरा उजळला. तिनं पेन काढलं. एवढंच हवं होतं. मंगळवारला दोन दिवसांची बेरीज म्हणून खूण करायची की केंद्र वाचलं.

"दोन दिसांचं न्हाय," उंबऱ्यातून आवाज आला.

गिरिजाबाई शेंगा फोडतच होत्या.

"एकाच दिसाचं असतंय. सोमवारी मी वतून टाकते."

"काय वतून टाकतीस?" कल्लप्पा म्हणाले.

"डबड्यातलं पानी."

"कवापासनं?"

"लई वर्सं झाली की." त्यांनी सुपातली फोलपटं पाखडली. मग आमच्याकडे वळून, शहाण्या माणसांशी बोलावं तसं सांगू लागल्या. "आमची अंकिता तापानं पडली हुती बगा. सांदं धरल्यालं, उटाय येईना. त्या साली समदं गाव काटी घिऊन चालायचं. तवा नर्सबाई घरोघर आली. म्हनली, आठवड्यातनं एक दिस समदी भांडी पालथी घाला, डास हुतात. बापयमानसं सोमवारी घरी असत्यात, म्हून सोमवारच ठरला. मी रांजन वतला, टाकी वतली, कोंबड्यांचं वतलं. वैरनीला गेले तर तुमच्या डबड्यातबी पानी. म्हनलं, ह्यात काय डासाला येता येत न्हाई व्हय?"

"सोमवारी बांद वलांडलास?" कल्लप्पांना आधी हेच लागलं.

"म्हशीला काय ठावं सोमवार हाय म्हून? सोमवार बैलाचा. बाईचा कुटला वार हाय त्ये सांगा, मी त्या दिशी बसते की."

कल्लप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं, अर्ध्यावर सोडलं. "आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

"मी मंगळवारी बगायचो," ते आता मला सांगत होते, "आन् म्हनायचो, अलीकडं सोमवारचा पाऊस कमी झाला. गावात धा जनास्नी सांगितलं. हवामान बदललं म्हनलं."

"लोकांनी ऐकलं?"

"ऐकलं की. पेपरातबी तसंच यायचं."

हसू येत होतं, पण सुकन्याकडे बघून आवरलं. तिनं पेन ठेवून दिलं होतं. नोंद वाचवायला आलो होतो आणि साक्षीदारांपैकी एकानं ती आमच्या डोळ्यांसमोर ओतून टाकली होती. आता पुण्याला काय सांगणार? नवरा म्हणतो दोन दिवसांचा, बायको म्हणते एका.

कल्लप्पांनाही ते कळलं असावं. "सांग त्यास्नी," ते सुकन्याला हलक्या आवाजात म्हणाले, "म्हातारी वतत नव्हती म्हून. कुटं कोन बगाय येतंय."

"मामा, ते खोटं होईल."

हे वाक्य त्यांनी नुकतंच मला ऐकवलं होतं, त्यामुळे इलाज नव्हता.

मग सुकन्या एकदम उंबऱ्याकडे सरकली. "मावशी, साल कुठलं होतं? ताप आला ते."

"अंकिता दहावीत हुती."

"दोन हजार सहा," कल्लप्पा कुरकुरत म्हणाले. "ती एक्क्यान्नवला चालाय बी लागली नव्हती. डबडं आलं तवाच रांगत हुती."

"आखाड सरताना," गिरिजाबाई म्हणाल्या. "नर्सबाईला पुरनपोळी वाढली हुती."

सुकन्यानं पिशवीतून लॅपटॉप काढून बाजेवर ठेवला. आम्ही तिघं मागून वाकून बघत राहिलो. मला संगणकातलं फार कळत नाही, पण ती काय करतेय ते कळत होतं. तिनं सगळे मंगळवार वेगळे काढले. त्यांचे दोन ढीग केले, २००६ च्या आखाडाआधीचे आणि नंतरचे. मग प्रत्येक ढिगाची बुधवार, गुरुवार, शुक्रवार यांच्याशी तुलना. एक बटण दाबलं आणि पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या.

२००६ च्या आधी मंगळवारची पट्टी इतरांच्या जवळजवळ दुप्पट उंच होती. नंतर ती बाकीच्या पट्ट्यांच्या बरोबरीनं उभी होती, एखाद्या सरळमार्गी वारासारखी.

"हे काय हाय?" कल्लप्पांनी विचारलं.

"ही उंच पट्टी म्हणजे दोन दिवसांचं पाणी," सुकन्या म्हणाली. "तुम्ही खरं सांगताय. आणि ही बुटकी म्हणजे मावशींनी ओतल्यानंतरचं. त्याही खरं सांगतायत. तुम्ही पंधरा वर्षं खरे होता, मामा. त्यानंतर तुम्हाला माहीत नव्हतं."

माझ्या संसाराचा अनुभव इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता.

तिनं आणखी एकदा पट्ट्या मागेपुढे करून बघितल्या. उंची नेमकी त्याच पावसाळ्यात खाली आली होती. आठवडा काही आकड्यांवरून सांगता येत नव्हता. आठवडा गिरिजाबाईंना पुरणपोळीमुळे ठाऊक होता.

"आज ओतलंत का, मावशी?" निघताना सुकन्यानं विचारलं.

"सकाळीच."

"किती होतं?"

"चांगलं दोन बोटं."

त्या दोन बोटांबद्दल सुकन्यानं मनापासून हळहळ व्यक्त केली. कल्लप्पा उठून आत गेले आणि आम्ही जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

शुक्रवारी सभा झाली. पुण्याची समिती पडद्यावर, आम्ही तिघं इकडे. समितीचे अध्यक्ष सौजन्यानं म्हणाले की तोंडी माहिती हा पुरावा धरता येत नाही.

"तोंडी माहिती आधी मिळाली, सर," सुकन्या म्हणाली. "आकडे आम्ही नंतर तपासले. त्या बाईंनी साल सांगितलं, आणि त्याच साली आकडे बदललेत. त्यांनी ते आकडे कधी बघितलेले नाहीत. त्यांना आमचा मंच आहे हेही माहीत नव्हतं."

"ते बऱ्याच जणांना माहीत नाही," मी म्हणालो. हत्तुरे सरांनी माझ्याकडे बघितलं.

अध्यक्षांनी पट्ट्या मोठ्या करून मागितल्या. मग बराच वेळ त्यांचा आवाज बंद होता. ओठ हलताना दिसत होते. आवाज परत आला तेव्हा ते विचारत होते, "यांनी पुरणपोळी कुणाला वाढली म्हणालात?" एवढं कुतूहल त्या समितीत मी त्याआधी बघितलं नव्हतं.

केंद्र राहिलं. सोमवारची सगळी शून्यं काढून तिथे रिकामी जागा आली. २००६ च्या आधीच्या मंगळवारांना 'दोन दिवसांची बेरीज' अशी खूण लागली. जमल्यास यापुढे सोमवारही मोजावा, अशी समितीनं विनंती केली. हत्तुरे सरांनी गोषवारा मागे घेतला नाही. शीर्षकातून यंत्रमाग काढून 'निरीक्षकांचे साप्ताहिक वर्तन' घातलं आणि पाऊस तसाच ठेवला.

माझी सूचनाही बदलली. 'मोजले नसल्यास चौकट रिकामी ठेवावी. का मोजले नाही हे माहीत असल्यास शेजारी लिहावे.' पहिल्या सूचनेइतकी ती घाटदार नाही. पण शेजारचा तो रकाना भराभर भरू लागला. मंद्रूपकडच्या एका विहिरीच्या नोंदीत 'पोरीचं लग्न' आलं. एकानं सलग चार दिवस 'साप' लिहिलं आणि पाचव्या दिवशी 'गेला'. आता परदेशातले काही अभ्यासक तो रकाना भाषांतर करून मागतात, आणि ते काम माझ्याकडे आहे.

कल्लप्पांना सुकन्यानं शुक्रवारीच फोन केला.

"माझा पाऊस खरा?" त्यांनी विचारलं.

"सहा दिवसांचा खरा, मामा."

"आन् सातव्याचं?"

"सातव्या दिवशी काय झालं ते माहीत नाही, असं लिहिलंय."

"ह्ये बरं केलं. म्हाईत न्हाय तर न्हाय म्हनावं." मग थोडं थांबून, "सोमवारी मी जानार न्हाय. आधीच सांगतो."

"तुम्ही नका जाऊ. मावशींना विचारता का?"

"आमचं बोलनं बंद हाय," कल्लप्पा म्हणाले. "तूच इचार." आणि फोन त्यांनी बायकोच्या हातात दिला असावा, कारण आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग गिरिजाबाईंचा.

पुढच्या सोमवारी मी साडेआठच्या आधीच विभागात येऊन बसलो होतो. कामाचं असं काही नव्हतं. साडेआठ वाजून दोन मिनिटांनी फोन आला. सुकन्यानं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"पोरी, मी बांदावर हाय. काचंची नळी ह्यांनी काल सांजच्यालाच भाईर काडून ठिवली. त्यात वतलंय. रेघा लई बारीक केल्यात की गं तुमी."

"नळी डोळ्यांसमोर धरा, मावशी. पाणी मधे जिथं खाली बसलंय, तिथली रेघ."

"थांब." बराच वेळ वारा ऐकू येत राहिला. लांबून कुणीतरी ओरडलं, "वाकडी धरलीस! सरळ धर!"

"मग या की तुमी बांद वलांडून!" गिरिजाबाई फोन तोंडाजवळ ठेवूनच ओरडल्या. सुकन्यानं कान मागे घेतला.

"बारा," गिरिजाबाई म्हणाल्या. "आन् वर दोन बारक्या रेघा."

"बारा पॉइंट चार. एक बारकी रेघ म्हणजे पॉइंट दोन."

"त्ये तुमचं तुमी बगा. मला दिसलं त्ये सांगितलं. लिवलं का?"

सुकन्यानं आकडा टंकला. निरीक्षकाच्या नावापुढे तिनं आणखी एक नाव घातलं, ते टंकायला आकड्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"लिहिलं, मावशी."

"मग वतू आता?"

सुकन्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही माहिती शास्त्राचा माणूस नव्हे, पण मान हलवली.

"ओता," ती म्हणाली.